पाणलोट विकास : प्रकल्पोत्तर सातत्य

पाणलोट क्षेत्र विकासासाठी शासनाकडून किंवा देणगीदार संस्थेकडून मिळणारा निधी ठरलेल्या मुदतीनंतर थांबल्यावर, उभी झालेली कामे आणि ती सांभाळणारी ग्रामपातळीवरील व्यवस्था गावाने स्वतःच्या बळावर चालू ठेवणे, यास प्रकल्पोत्तर सातत्य म्हणतात. ज्या भूभागावर पडलेले पावसाचे पाणी वाहत येऊन एकाच ओढ्याला किंवा नाल्याला मिळते, तो भूभाग म्हणजे पाणलोट क्षेत्र होय. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात, विशेषतः अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात, अशी कामे अनेक दशके झालेली असल्याने निधी संपल्यानंतर काय टिकते व काय टिकत नाही, हे तेथे चांगले पाहता येते.

कामांची झीज अटळ असते. समान उंचीच्या रेषेवर खोदलेला सलग समतल चर काही पावसाळ्यांत गाळाने भरतो; तोवर उतारावर गवत व झाडोरा धरला असेल तर त्याने फारसे बिघडत नाही. माती नालाबांधाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याचा सांडवा, म्हणजे जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर काढणारी वाट, एकदा कापला गेला की दुरुस्ती न झाल्यास सगळा बांधच वाहून जाण्याचा धोका असतो. वेळीच केलेली दुरुस्ती बहुधा थोडक्यात भागते. ती कोणी करायची आणि खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे ठरलेले नसणे ही खरी अडचण असते.

तिच्यावरचा प्रचलित उपाय म्हणजे देखभाल निधी. केंद्र शासनाच्या 2008 च्या समान मार्गदर्शक तत्त्वांनुसार खाजगी जमिनीवरील मृद व जलसंधारणाच्या कामांच्या खर्चापैकी किमान 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अल्प व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांकडून 5 टक्के वर्गणी घेऊन ती पाणलोट विकास निधीत जमा करावयाची होती, आणि प्रकल्पाची मुदत संपल्यावर ही रक्कम केवळ सामायिक मालमत्तेच्या देखभालीवर खर्च करता येत असे. (नाबार्डकडे 1999-2000 मध्ये स्थापन झालेला याच नावाचा निधी प्रकल्पांना अर्थसाहाय्य देण्यासाठी आहे, दोहोंची गल्लत होऊ नये.) याच तत्त्वांत बळकटीकरण व माघार असा शेवटचा टप्पा स्वतंत्रपणे नेमून त्यासाठी आरंभी एकूण खर्चाच्या 5 टक्के तरतूद ठेवली होती, पुढे ती 3 टक्क्यांवर आणण्यात आली. प्रत्यक्ष पाणलोट कामांचा वाटा त्याच वेळी 50 वरून 56 टक्क्यांवर गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे यंत्रणेचा कल कोणीकडे होता ते कळते.

फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंच्या पुढाकाराने महाराष्ट्रात सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाने माघारीचा विचार आरंभीच केला होता. नाबार्ड व 1993 मध्ये स्थापन झालेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था यांच्या सहभागाने चाललेल्या या कार्यक्रमात गावाला आधी श्रमदान करून, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारून पात्रता सिद्ध करावी लागे. त्यानंतर छोट्या क्षेत्रावर काम करून ग्राम पाणलोट समितीचा हात हिशेबाला व मोजमापाला सरावला, की मगच पूर्ण अंमलबजावणीस मंजुरी मिळे. मात्र चराईबंदीचा भार मेंढपाळ व भूमिहीन कुटुंबांवर अधिक पडतो, आणि वाढलेल्या पाण्याचा लाभ मुख्यतः नाल्याकाठच्या विहीरवाल्यांना होतो. ही विषमता भरून न काढल्यास, निधीबरोबर येणारी मजुरी थांबताच बंदी पाळण्याचे कारणही त्या कुटुंबांपुरते उरत नाही.

सर्वांत बिकट प्रश्न मात्र यशातून उद्भवतो. भूजलपातळी वाढली की बागायती पिके वाढतात, विंधनविहिरींची चढाओढ लागते आणि बांध शाबूत असूनही उन्हाळ्यात टँकर परत येतो. अशा गावात दुरुस्तीचा निधी कितीही असला तरी त्याचा उपयोग मर्यादितच. पुरंदर तालुक्यात नायगाव येथे 1970 च्या दशकात विलासराव साळुंखे यांनी उभारलेल्या पाणी पंचायतीने या प्रश्नाला थेट हात घातला होता. तेथे पाणी जमिनीच्या मालकीवर अवलंबून न ठेवता माणशी अर्धा एकर व कुटुंबास कमाल अडीच एकर भिजेल इतके दिले जाई, भूमिहीनांचाही हक्क मानला जाई आणि उसाला मनाई असे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली आदर्श गाव योजना व रोजगार हमीच्या निधीतून कामे करून घेतली. परंतु योजनेबाहेरचा आणि बिनखर्चाचा जो भाग, तोच तेथे अधिक महत्त्वाचा ठरला. सिंचनासाठी विंधनविहीर खोदण्यास व उसासारख्या पिकांना गावाने मनाई केली, आणि पावसाची नोंद घेऊन ग्रामसभेत पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. पाऊस कमी झालेल्या वर्षी पिण्यासाठी व जनावरांसाठी किती राखायचे आणि रब्बीला किती सोडायचे, हे त्या ताळेबंदावरून ठरते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 याने पाणलोट पातळीवरील समित्या व अतिखोल विहिरींवरील नियंत्रणाची तरतूद करून अशा गावनियमांसारख्याच निर्बंधांना कायद्याचा आधार दिला असला, तरी हिवरे बाजारचे नियम त्याआधीच, ग्रामसभेच्या ठरावाच्या जोरावर, अमलात आले होते.