‘स्वयंसेवक’ म्हणजे नक्की कोण? परभणीतल्या अर्धवेळ सैनिकाचा माग

विषय निवडताना आपण बहुतेक जण एक चूक करतो. कागदावरच्या शब्दावर लगेच विश्वास ठेवतो. आज असाच एक शब्द घेऊ : स्वयंसेवक. शेती, दुकान किंवा रोजंदारी सांभाळून गरजेपुरता गणवेश चढवणारा माणूस. देशाच्या संरक्षणाच्या पुस्तकांत तो सरहद्दीवर दिसतो. परभणी जिल्ह्यात शोधायला गेलात तर वेगळाच भेटतो. तोही एक नाही, तीन.

पहिले दोन १९४७-४८ मधले. तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होता आणि आजचा हिंगोली जिल्हाही त्यातच होता. रझाकार हा शब्द आपण शिवीसारखा ऐकत मोठे झालो, पण त्याचा मूळ अर्थ बघा : स्वेच्छेने काम करणारा, म्हणजे स्वयंसेवकच! लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवींच्या नेतृत्वाखाली मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनची ही सशस्त्र संघटना होती. ती निजामाच्या फौजेचा भाग नव्हती, पण सत्तेचा आधार तिला होता. दुसरीकडे, वऱ्हाडच्या हद्दीत उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. तिथली पोरं रात्री हद्द ओलांडून निजामाच्या चौक्यांवर हल्ले करायची आणि परत जायची. तेही स्वयंसेवकच.

दोघंही म्हणत होते, ‘आम्ही आमचा मुलूख राखतोय.’ म्हणून दोघांना एकाच तराजूत घालायचं का? अजिबात नाही. एक बाजू राजसत्ता टिकवायला उभी होती आणि तिने केलेले अत्याचार गावोगाव आठवणीत आहेत. दुसरी बाजू ती सत्ता हटवायला निघाली होती. मुद्दा एवढाच, की ‘स्वयंसेवक’ या शब्दावरून यातलं काहीच कळत नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत निर्णय लावला तो भारताच्या नियमित सैन्याने. त्यानंतर मराठवाड्यात मुस्लिम वस्त्यांवर जो हिंसाचार झाला, त्यासाठी सुंदरलाल समितीचा अहवालही वाचा. तो टाळून हा विषय पूर्ण होत नाही.

तिसरा भेटतो तो होमगार्ड. त्याचा जन्म मुंबईतला. दंगलींच्या काळात, ६ डिसेंबर १९४६ रोजी, मोरारजी देसाई प्रांताचे गृहमंत्री असताना ही संघटना सुरू झाली आणि १९४७ मध्ये तिचा कायदा झाला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे ही व्यवस्था इकडेही आली. १९६२ च्या चीन युद्धानंतर केंद्राने राज्यांना सांगितलं, की आपापल्या स्वयंसेवी संघटना होमगार्ड या एकाच चौकटीत आणा. म्हणजे युद्धामुळे होमगार्ड देशभर पसरला, पण महाराष्ट्रात त्याच्या वाट्याला लढाई आली नाही. त्याच्याकडे आला बंदोबस्त : निवडणूक, गणपती, तुराबुल हक दर्ग्याचा उरूस, पूर.

इथे तुलनेसाठी प्रादेशिक सेना घ्या. तीही अर्धवेळच, १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली. पण ती संरक्षण मंत्रालयाकडे आहे आणि होमगार्ड गृह विभागाकडे. कामावर बोलावल्यावर होमगार्डला पोलिसाचे अधिकार मिळतात, पोलिसाची नोकरी नाही. ब्रीदवाक्य आहे ‘निष्काम सेवा’. मानधन मिळतं तेही कामावर बोलावलेल्या दिवसांचंच. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की होमगार्ड हे नियमित कर्मचारी नाहीत, पण त्यांचा दैनिक भत्ता असा असावा की तीस दिवसांचा हिशोब पोलिसाच्या किमान वेतनाएवढा व्हावा. म्हणजे न्यायालयानेही ‘सेवा’ आणि ‘काम’ यांच्यातली फट ओळखली.

माझं म्हणणं असं : या पाऊणशे वर्षांत अर्धवेळ सैनिकाची भूमिका हद्दीकडून चौकाकडे सरकली. पण लढाई सुटली तरी त्याच्या त्यागाची भाषा मात्र तशीच राहिली. कोरडवाहू जिल्ह्यात, जिथे हंगाम संपला की हाताला काम नसतं, तिथे ‘स्वेच्छेने’ या शब्दाचं वजन तपासायलाच हवं.

म्हणून असा विषय घेतलात तर तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हुकूम कोणाचा? कायदा कोणता? पैसे कोणत्या नावाने? यांची उत्तरं एका कपाटात मिळणार नाहीत. निजामकाळासाठी हैदराबाद गाठावं लागेल आणि थोडी उर्दू शिकावी लागेल. होमगार्डसाठी गृह विभागाचे आदेश आणि न्यायालयाचे निकाल बघावे लागतील.

आणि मुलाखतीला बसलात तर गणवेशापासून सुरुवात करू नका. आधी विचारा, ‘बाकीचे दिवस काय करता, काका?’ अर्धवेळ माणसाचा इतिहास त्या उरलेल्या अर्ध्या वेळातही असतो, आणि तो बहुतेक वेळा आपण लिहून घ्यायचाच विसरतो.