कार्ल्याचीं अक्षरें आणि घरांतलें वाचन

कार्ल्याचा डोंगर चढणारे बहुतेक लोक एकवीरेच्या दर्शनास जातात. देवळाला लागूनच सुमारें १९०० वर्षांपूर्वींचें चैत्यगृह आहे, आणि त्याच्या भिंतींवर व खांबांवर दात्यांचे ब्राह्मी लेख आहेत. वैजयंतीचा शेठ भूतपाल आपण पूर्ण केलेलें हें शैलगृह जंबुद्वीपांत उत्तम असल्याचें अभिमानानें सांगतो. दुसऱ्या एका लेखांत सोपाऱ्याच्या सातिमित्रानें खांब दिल्याची नोंद असून तेथें त्यास 'भाणक' म्हटलें आहे. भाणक म्हणजे ग्रंथ मुखोद्गत करून इतरांस ऐकविणारा.

हे लेख पुसले गेले नाहींत. परंतु लिपी पिढ्यांगणिक बदलत गेली, जुन्या अक्षरांची ओळख सुटत गेली, आणि अखेर भूतपालाचा अभिमान डोळ्यांसमोर असूनहि तो वाचणारा कोणी उरला नाहीं. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप यानें अशोकाच्या ब्राह्मीचा उलगडा केला, तेव्हां कोठें अशा लेखांचें वाचन पुनः शक्य झालें. अक्षर टिकलें म्हणजे वाचन टिकतेंच असें नाहीं.

आपलीं मुलें वाचीत नाहींत, या सुशिक्षित घरांतील नित्याच्या तक्रारीच्या मुळाशीं पुष्कळदां याच गोष्टीचा विसर असतो. कपाटांत पुस्तकें आहेत, शाळेची फी भरली आहे, तेव्हां वाचनाची गोडी आपोआप लागेल असें आईबाप धरून चालतात. पण कपाटांतलें पुस्तकहि खांबावरच्या लेखासारखें मुकेंच असतें. त्यास भाणक लागतो.

आपल्या घरांना हा भाणक अपरिचित नव्हता. चातुर्मासांत पोथी वाचली जाई, आणि अक्षरओळख नसलेलीं माणसेंहि ती ऐकत. याहून मोठें उदाहरण अनंतशास्त्री डोंगरे यांचें. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये हें मत प्रबळ असतां त्यांनीं पत्नी लक्ष्मीबाई यांना तें शिकविलें. आणि शास्त्रीबोवा वृद्ध झाल्यावर कन्या रमाबाई यांना शिकविण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं केलें. कुटुंब तीर्थयात्रेंत गांवोगांव हिंडत होतें. शाळा म्हणजे आईच. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या हालांत आईबाप गेले. पुढें १८७८ मध्यें कलकत्त्यास त्याच मुलीचा 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनीं गौरव झाला.

प्रत्येक बाप शास्त्री नसतो आणि नोकरींतून सवड मिळत नाहीं, हा आक्षेप खरा आहे. परंतु येथें पांडित्य लागत नाहीं. रात्रीं जेवणानंतर मोबाईल दूर ठेवून आईनें किंवा वडिलांनीं पंधरा मिनिटें मोठ्यानें वाचावें. गोष्ट रंगांत आली कीं थांबावें, आणि पुढचा भाग मुलानें आपण वाचून दुसऱ्या दिवशीं सांगावा. पुस्तक मुलानें निवडावें, आणि तें परीक्षेचें नसावें. तें अडखळलें तर चूक काढण्याची घाई करूं नये. मुख्य म्हणजे, आईबाप स्वतःच्या आनंदासाठीं वाचीत बसले आहेत हें दृश्य त्याच्या नित्य परिचयाचें असावें.

वाचन लोपण्यास परचक्र यावें लागत नाहीं. वडील पिढीनें धाकट्या पिढीस वाचून दाखविणें सोडलें, कीं तेवढें पुरतें.