अणुभट्टीची राख आणि मिठाची खाण

लाकूड जळालें कीं राख उरते व ती शेतास उपकारक होते. अणुभट्टीची राख मात्र निराळ्या जातीची. तींतील प्लुटोनियम-२३९ चा किरणोत्सर्ग निम्म्यावर येण्यासच सुमारें २४,००० वर्षें लागतात. एवढा काळ ती कोठें ठेवावी, या प्रश्नाच्या इतिहासांतील एक बोधप्रद प्रकरण जर्मनीच्या लोअर सॅक्सनी प्रांतांत घडलें.

१९५७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें भूगर्भांतील मिठाचे थर या कामास विशेष आशादायक ठरविले. युक्तिवाद सरळ होता: मीठ जेथें कोट्यवधि वर्षें टिकलें, तेथें पाणी शिरलेंच नसावें, शिवाय दाबाखालीं मीठ हळूहळू सरकून भेगा बुजवितें. हा विचार चुकीचा नव्हता. परंतु तो अभंग थरांविषयीं होता. जर्मन सरकारनें १९६५ सालीं घेतलेली अस्से येथील खाण पन्नासांहून अधिक वर्षें पोखरली गेली होती, आणि तिच्या शेजारची खाण १९०६ सालींच पाण्यानें बुडाली होती. तरीहि १९६७ ते १९७८ पर्यंत तेथें अल्प व मध्यम किरणोत्सर्गी कचऱ्याचीं सुमारें १,२६,००० पिंपें उतरविण्यांत आलीं. नांव प्रयोगाचें, परंतु व्यवहार कायमचा! कित्येक पिंपें तर नुसतीं उतारावरून लोटून वर मीठ पसरलें.

दालनें बाजूच्या खडकाच्या फार जवळ खणलीं होतीं. दाबानें खडक हलला, आणि १९८८ पासून खाणींत रोज हजारों लिटर खारें पाणी झिरपूं लागलें. अखेर कायमचीं पुरलेलीं पिंपें पुनः वर काढावींत, असें २०१३ सालीं कायद्यानें ठरलें.

यावरून मीठ वाईट, असें अनुमान काढणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. दोष द्रव्याचा नसून एकाच भिंतीवर विसंबण्याचा, आणि आयतें मिळालेलें बीळ सोयीचें मानण्याचा होता. फिनलंडनें ओंकालो येथें २००४ पासून मुद्दाम या कामासाठींच खडकांत चारशें मीटरांहून खोल भुयार खणलें. योजनेंत तांब्याचें पात्र, त्याभोंवतीं पाण्यानें फुगणारी बेंटोनाइट माती आणि बाहेर प्राचीन खडक, अशा एकाआड एक भिंती आहेत. आमच्या तारापूरलाहि अतितीव्र कचरा कांचेंत गोठविण्याची विद्या अवगत आहे. पण कांच ही पहिली भिंत, शेवटची नव्हे.

पूर्वजांचें कर्ज फेडणें आपणांस ठाऊक आहे. येथें व्यवहार उलटा आहे: वीज आपण वापरावयाची आणि राखण वंशजांनीं करावयाची. ज्यांची संमति घेतां येत नाहीं, त्यांच्या वतीनें निवड करतांना स्वस्त जागा हें कारण पुरेसें नाहीं, एवढें तरी अस्सेच्या खाणीनें शिकविलें आहे.