दगडांच्या घरांचे धनी

आफ्रिका म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम काय उभें राहतें? घनदाट अरण्य, सिंह, आणि भाले घेऊन नाचणारे लोक. शिक्षक असतांना ‘काळोखें खंड’ हे शब्द मीं फळ्यावर कितीदां लिहिले असतील, त्याची गणती नाहीं. गोरा मनुष्य तेथें पोहोंचला तेव्हांपासूनच त्या खंडाचा इतिहास सुरू होतो, असा माझा पक्का समज होता. तो समज ज्या स्थळाच्या वाचनानें ढासळला, त्याविषयीं आज बोलावयाचें आहे.

आफ्रिकेच्या दक्षिण भागांत, झांबेझी व लिंपोपो ह्या नद्यांच्या दरम्यान, ग्रेट झिंबाब्वे नांवाच्या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. शोना भाषेंत झिंबाब्वे म्हणजे दगडांचीं घरें. अकराव्या ते पंधराव्या शतकांत शोना लोकांच्या पूर्वजांनीं तें उभारलें. तेथील मोठ्या कोटाची भिंत सुमारें ८०० फूट घेराची व कांहीं ठिकाणीं ३५ फूट उंच आहे. पण तींत चुना औषधालाहि सांपडत नाहीं. ग्रॅनाइटचे चिरे नुसते एकावर एक बसविले आहेत. येथील सोनें सोफाळा बंदराकडे जाई, आणि समुद्रापलीकडून काचेचे मणी व चिनी भांडीं येत.

१८७१ सालीं कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तेथें पोहोंचला. दाराच्या तुळईच्या लाकडाचा वास त्याला आपल्या पेन्सिलीसारखा वाटला. तेवढ्यावरून, हें लेबाननचें देवदार असून वाडा शेबाच्या राणीचा, असा त्यानें निर्णय दिला! एवढीशी पेन्सिल, आणि केवढें तें अनुमान!

ह्याला वेडेपणा म्हणून हसतां आलें असतें. परंतु १८९० सालीं ऱ्होड्सच्या कंपनीनें तो मुलूख व्यापला. ज्यांची जमीन घ्यावयाची त्यांच्या वाडवडिलांनीं कांहींच बांधलें नव्हतें, असें ठरणें आतां सोयीचें होतें. १९०२ सालीं रिचर्ड हॉल ह्याला अवशेषांवर नेमलें. त्यानें काय करावें? वरचे थर ही काळ्या लोकांची घाण समजून कित्येक फूट खोल उपसून फेकून दिले. ज्या मातीनें साक्ष द्यावयाची, तीच उकिरड्यावर गेली.

तरीहि १९०५ सालीं रँडल-मॅकायव्हर, आणि १९२९ सालीं गर्ट्रूड केटन-टॉम्प्सन ह्या विदुषी, दोघांनींहि उरलेल्या पुराव्यावरून हें काम आफ्रिकनांचेंच असें सांगितलें. ऐकणार कोण? १९६५ नंतरच्या ऱ्होडेशियांतील गोऱ्या सरकारला तें सत्य खपेना. पीटर गार्लेक ह्या संशोधकाला १९७० सालीं देश सोडावा लागला.

१९८० सालीं देश स्वतंत्र झाला. त्यानें नांव घेतलें ह्याच अवशेषांचें, आणि तेथें सांपडलेला दगडी पक्षी निशाणावर बसविला. त्याच सुमारास मी नोकरीस लागलों होतों. नकाशावरील ऱ्होडेशिया हें नांव खोडून मुलांकडून मीं नवें लिहवून घेतलें. धडा मात्र जुनाच शिकवीत राहिलों.