मुंबई ते लंडन : नऊ तास

परवा वर्गात पृथ्वीचा गोल पुढे ठेवून मी विचारले, "मुंबईहून लंडन किती लांब?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "नऊ तास, गुरुजी!" मुले हसली. मी मात्र विचारात पडलो. विचारले होते अंतर, मिळाली वेळ!

मग गोलावर दोरी ताणून दाखवली. ती इराणवरून वर चढते, कॅस्पियन आणि काळा समुद्र यांच्या मधल्या भूमीवरून जाते आणि लंडनला टेकते. लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर. ही दोरी कधी आखूड झाली नाही; आखूड झाला तो प्रवास.

१८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला, त्याआधी जहाजाला साऱ्या आफ्रिकेला वळसा पडे आणि विलायत गाठायला महिने लागत. कालव्याने ते काम दोन-तीन आठवड्यांवर आणले. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघाले. पंख्यांच्या त्या विमानाला एका दमात एवढी मजल झेपणारी नव्हती. म्हणून कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत ते गेले. १९६० साली बोइंग ७०७ आले आणि ताशी नऊशे किलोमीटरचा वेग हाती आला.

पण वाचकहो, वाटेत आल्प्सचे माँ ब्लाँ शिखर उभे होते. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच 'मलबार प्रिन्सेस' त्यावर आदळले. ४८ माणसे गेली. २४ जानेवारी १९६६ रोजी जिनिव्हाला उतरू पाहणारे 'कांचनजंगा' त्याच डोंगरावर फुटले. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. शिखर मागे पडले, अशी वैमानिकाची समजूत झाली होती. हजारो मैलांचा हिशेब बरोबर आला आणि शेवटच्या चार-पाच मैलांचा चुकला!

त्या विमानातली सरकारी टपालाची एक थैली २०१२ साली हिमनदीत सापडली. विमानाने काही तासांत पोचायचे ते टपाल शेहेचाळीस वर्षांनी माणसांच्या हाती आले.

आज विमान मुंबईहून न थांबता नऊ-दहा तासांत लंडन गाठते. येताना पश्चिमेचे वारे पाठीशी असतात, म्हणून वेळ आणखी थोडा कमी लागतो. यंदाच्या दिवाळीत कुणाचा मुलगा, कुणाची लेक तिकडून फराळाला घरी येईल. आई घड्याळाकडे पाहत तास मोजील. त्या मोजणीत वाटेवर राहिलेल्यांचीही वर्षे मिसळलेली आहेत, एवढे आम्ही मुलांना सांगावे. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलाचे उत्तर चुकीचे नव्हते. फक्त अपुरे होते.