हजेरीपुस्तक आणि छप्पर



वेतन, विसावा, जादा काम आणि रजा हे शब्द कारखान्याच्या फाटकावरील फलकावर शोभतात. स्मृतिव्याख्यानात ते कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु आपल्या तुयेत औद्योगिक वसाहत आहे आणि या गावातील कित्येक घरांची चूल तिच्या भोंग्यावर पेटते. त्या घरातील माणसाचा दिवस किती तासांचा, हे कोणी आणि केव्हा ठरविले, हा इतिहासाचाच प्रश्न होय.

त्याची सुरुवात मुंबईत सापडते. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या आज वाचताना त्यांचा साधेपणा मनाला चटका लावतो : रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, आणि पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. सूर्यास्तापर्यंत! आठ तासांचे नाव त्यात नाही. जे मागण्याचे धाडस होते, तेवढेच मागितले. साप्ताहिक सुटी मिळाली ती १० जून १८९० पासून. १८९१ च्या कायद्याने दुपारचा अर्धा तासही मान्य केला. पुढे १९२२ मध्ये आठवड्याचे तास साठ झाले, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत चोपन्न, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस. सूर्यास्तापासून अठ्ठेचाळीस तासांपर्यंत पोहोचण्यास बासष्ट वर्षे लागली.

हे सारे घडत होते ते सरहद्दीपलीकडे. पेडणे १७८८ पासून पोर्तुगीज अमलाखाली होते. येथून जो तरुण पोट भरण्यासाठी मुंबईस जाई, त्याला कायद्याचा रविवार मिळे. घरी राहिलेल्या त्याच्या भावाला तो ठाऊक नव्हता. एकाच घरात दोन पंचांगे चालत, असे म्हटले तर चालेल. घरच्या पंचांगात अमावास्येला जोत न धरण्याची चाल होती, गावची जत्रा होती, चतुर्थी होती. विश्रांती होतीच, परंतु ती रूढीने दिलेली होती. मालकाकडून हक्काने मागून घेतलेली ती नव्हती. शिवाय सालाझारच्या राजवटीने १९३३ पासून स्वतंत्र कामगार संघटनांना आणि संपाला कायद्यानेच मज्जाव केला होता. डिचोली-सत्तरीच्या डोंगरांत खनिजाची खोदाई वाढली, हजारो हात त्या कामाला लागले, तेव्हाही हा मज्जाव कायम होता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२-६३ मधील नियमनांनी भारतातील अनेक कायदे येथे लागू झाले. त्यांत १९४८ चा किमान वेतन कायदा होता, कारखाने कायदाही होता. लोखंड्यांच्या निवेदनातील प्रत्येक मागणी त्यांत विस्ताराने आढळते. सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घ्यावयाचे नाही, त्यापूर्वी किमान अर्धा तास विसावा. दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपलीकडील कामाला दुप्पट दर. वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा, म्हणजे किमान बारा दिवस. चतुर्थीला गावी असलेल्या माणसाचा पगार चालू राहतो, ही कल्पना तोवर येथे सरकारी नोकराबाहेर फारशी कोणाला परिचित नव्हती. १९७३ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने हाच विचार बाजारपेठेपर्यंत आणला आणि पेडण्याच्या दुकानातील पोऱ्यालाही आठवड्याची सुटी लाभली.

येथे मला थोडे थांबावयाचे आहे. किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात शेतीही होती. मग भाटातील मजुराला तो कायदा कारखान्याइतका का फळला नाही? तपासनीस कमी होते, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. मुंडकार राहत होता भाटकाराच्या जमिनीवर. त्याने आज किती तास राबले हे लिहिणारे हजेरीपुस्तक नव्हते. आणि असते तरी त्यावर बोट ठेवून जादा दाम मागणाऱ्याचे घर त्याच संध्याकाळी धोक्यात आले असते. दुप्पट दराचा हक्क सांगावयाचा तर आधी डोक्यावरचे छप्पर स्वतःचे लागते. म्हणून माझ्या मते पेडण्यातील श्रमाच्या इतिहासात १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा हा किमान वेतन कायद्याहून मोठा वेतनकायदा आहे, जरी त्यात वेतन ठरविणारे कलम नाही. घरातून हुसकावून लावण्यास त्याने प्रतिबंध केला आणि घर व त्याखालील जागा विकत घेण्याची वाट दाखविली. ज्याचे घर टिकले, त्याचा मुलगा वसाहतीच्या फाटकावर ताठ उभा राहू शकला. हे विधान काही अभ्यासकांना धाडसाचे वाटेल. त्यांनी आपल्याच गावातील चार घरांची चौकशी करून पाहावी.

छपराचा प्रश्न मिटला असे मात्र नाही, त्याने केवळ माणसे बदलली. परप्रांतांतून कंत्राटदारामार्फत येणाऱ्या मजुरांसाठी १९७९ मध्ये जो कायदा झाला, त्याने राहण्याची योग्य सोय करण्याचे दायित्व कंत्राटदारावरच टाकले. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु त्यामुळे काम देणारा आणि खोली देणारा पुन्हा एकच झाला. जादा तासांचा हिशेब विचारणाऱ्याला आपली वळकटी कोठे ठेवायची, याचाही विचार करावा लागतो. आपल्या आजोबांना ही स्थिती समजावून सांगावी लागली नसती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि एकोणतीस जुने कायदे त्यांत सामावले गेले. मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावयाचा आहे. लोखंड्यांनी पंधरा तारीख मागितली होती. जादा कामाचा दुप्पट दर कायम आहे. पगारी रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवस पुरेसे ठरले आहेत, ही अल्पकाळ काम करणाऱ्यासाठी खरोखर मोठी सोय आहे. मात्र १८० दिवस भरण्याआधीच एखाद्याचे नाव एका कंत्राटातून कमी करून दुसऱ्यात चढविले, तर त्याचे दिवस कोणत्या पुस्तकात मोजले जाणार? श्रोत्यांत बसलेल्या आमच्या ज्या माजी विद्यार्थ्यांकडे आज अशी पुस्तके लिहिण्याचे काम आहे, त्यांच्याकडून याचे उत्तर ऐकण्यास मी व्याख्यानानंतर थांबणार आहे.