कार्लाइल इंडियन स्कूल फुटबॉल संघ, १९१२ चा हंगाम

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या कार्लाइल या गावातील ‘कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल’ या निवासी शाळेच्या संघाने १९१२ च्या शरद ऋतूत खेळलेला अमेरिकन फुटबॉलचा हंगाम. १४ सामन्यांपैकी १२ जिंकले, १ हरला, १ बरोबरीत सुटला. संघाचे गुण ५०४, विरोधी संघांचे ११४. प्रशिक्षक ग्लेन (‘पॉप’) वॉर्नर. कर्णधार जिम थॉर्प. येथे ‘फुटबॉल’ म्हणजे भारतात पायाने खेळला जाणारा खेळ नव्हे, तर लांबट चेंडू हाती घेऊन धावण्याचा, फेकण्याचा व प्रतिस्पर्ध्याला आडवे पाडण्याचा खेळ होय.

पार्श्वभूमी : रिचर्ड हेन्‍री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये लष्कराच्या जुन्या बराकींत ही शाळा काढली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या (‘इंडियन’) निरनिराळ्या जमातींची मुले घरापासून दूर आणून, त्यांचे केस कापून, नावे बदलून व मातृभाषा बोलण्यास मनाई करून त्यांना गोऱ्या समाजात सामावून घेणे हा तिचा उघड हेतू होता. ती महाविद्यालय नव्हती. सुतारकाम, शिवणकाम, शेती असे शिक्षण तेथे मिळे. तरीही तिच्या संघाच्या प्रतिस्पर्ध्यांत विद्यापीठांचे संघ असत, आणि आदल्याच वर्षी त्याने हार्वर्डला १८–१५ असे हरवले होते. महाविद्यालयीन संघांच्या इतिहासात ही नोंद घालण्याचे कारण तेच.

नियमांतील बदल : या हंगामाचे खरे महत्त्व येथे आहे, थॉर्पच्या बहुतेक चरित्रांत मात्र ते एका ओळीत उरकले जाते. १९१२ मध्ये टचडाउनचे (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे) मूल्य ५ वरून ६ गुण झाले. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी तीनऐवजी चार प्रयत्न (‘डाउन’) मिळू लागले. मैदानाची लांबी ११० यार्डांवरून १०० यार्ड झाली; मात्र दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा जोडला गेला आणि त्यात झेललेला पास ग्राह्य ठरला. पुढे फेकलेल्या पासवरील २० यार्डांची मर्यादा उठली. वजनदार खेळाडूंची भिंत पुढे रेटत न्यायची ही जुनी पद्धत त्यामुळे एकाएकी मोडली असे नाही, पण हलक्या आणि चपळ संघाला वाव मिळाला. कार्लाइलचे खेळाडू मोठ्या विद्यापीठांच्या मानाने हलके होते आणि वॉर्नर फसव्या चालींसाठी आधीच प्रसिद्ध होता. दोन्ही हाफबॅकांना (मागच्या फळीतील खेळाडूंना) आघाडीच्या फळीच्या टोकांबाहेर उभे करण्याची ‘डबल विंग’ रचना त्याने याच हंगामात वापरली, असे सांगितले जाते. ती नेमकी केव्हा सिद्ध झाली याबद्दल मतभेद आहेत.

सामने : ऑलब्राइट (५०–७), लेबनन व्हॅली (४५–०), डिकिन्सन (३४–०) आणि व्हिलानोवा (६५–०) हे पहिले चार सामने सोपे गेले. वॉशिंग्टन अँड जेफरसनविरुद्धचा पाचवा सामना ०–० असा सुटला. त्यानंतर सिरॅक्यूस (३३–०), पिट्सबर्ग (४५–८), जॉर्जटाउन (३४–२०), टोरंटो (४९–१), लीहाय (३४–१४) यांना हरवले. आदल्या वर्षी कार्लाइलला एका गुणाने हरवणारा सिरॅक्यूस हाच संघ होता. टोरंटोच्या सामन्याचा निकाल काही ठिकाणी ४९–७ असा दिलेला असतो. परंतु ११४ ही बेरीज ४९–१ धरल्यासच जुळते.

अमेरिकी लष्करी अकादमीविरुद्धचा सामना : ९ नोव्हेंबर १९१२, अकादमीच्या वेस्ट पॉइंट येथील मैदानावर. निकाल कार्लाइलच्या बाजूने २७–६. मध्यंतरापर्यंत चुरस होती; उत्तरार्धात यजमानांना एकही गुण मिळाला नाही. त्यांचा कर्णधार लेलँड डेव्होर याला धसमुसळ्या खेळाबद्दल मैदानाबाहेर काढण्यात आले. यजमान संघात ड्वाइट आयझेनहॉवर (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष) होते. थॉर्पला रोखताना त्यांचा गुडघा निकामी झाला अशी गोष्ट प्रचलित आहे. प्रत्यक्षात ती दुखापत पुढच्या आठवड्यातील टफ्ट्सविरुद्धच्या सामन्यातील होय. थॉर्पची ९२ यार्डांची धाव पंचांनी रद्द केली आणि लगेच त्याने ९७ यार्डांची धाव घेऊन टचडाउन केला, ही त्याहून लाडकी कथा. ती गुणफलकाशी जुळत नाही. समकालीन वृत्तांतांनुसार चारपैकी तीन टचडाउन ॲलेक्स आर्कासाचे व एक जो बर्गीचा. थॉर्पच्या वाट्याला त्यांवरील जादा गुणांच्या किक येतात. त्याच्या धावांनी बचाव फोडला, हे मात्र सर्वच सांगतात. सामन्याआधी वॉर्नरने खेळाडूंना सैनिकांशी झालेल्या पूर्वजांच्या लढायांची आठवण करून दिली, हे बहुधा नंतरच्या सांगण्यातले आहे.

उर्वरित सामने : पुढच्याच आठवड्यात पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने कार्लाइलला ३४–२६ असे हरवले. हंगामभरात स्वीकारलेल्या गुणांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा या एकाच दिवसाचा आहे. त्यानंतर कार्लाइलने स्प्रिंगफील्डला ३०–२४ असे व ब्राउनला ३२–० असे हरवले.

खेळाडू : जिम थॉर्प (सॅक अँड फॉक्स जमात) हा त्याच वर्षी जुलैत स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन व डेकॅथलॉनची सुवर्णपदके जिंकून परतला होता. हंगामातील त्याचे २५ टचडाउन व १९८ गुण हा आकडा जास्त आढळतो. २७ व २२४ असाही मिळतो. १९१ धावांत १,८६९ यार्ड ही नोंद दोन सामने वगळून केलेली आहे. देशभरातील उत्कृष्ट खेळाडूंचा ‘अखिल अमेरिकन’ संघ निवडणाऱ्या वॉल्टर कॅम्पने त्याची त्यात सलग दुसऱ्यांदा निवड केली. इतर खेळाडू : क्वार्टरबॅक गस वेल्च व टॅकल जो गायन (दोघेही ओजिब्वे जमातीचे), तसेच पीट कॅलॅक.

विजेतेपद : अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा त्या काळी नव्हती. मागाहून केलेल्या क्रमवारीत १९१२ साठी हार्वर्डचे नाव सर्वाधिक दिले जाते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाकडून झालेली कार्लाइलची हार लक्षात घेता तो निवाडा अन्यायाचा म्हणता येत नाही.

उत्पन्न : संघाच्या सामन्यांच्या तिकीटविक्रीतून मोठी रक्कम येई.

नंतरचा काळ : थॉर्पने १९०९–१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचे जानेवारी १९१३ मध्ये उघड झाले व त्याची ऑलिंपिक पदके काढून घेण्यात आली. १९८२ मध्ये त्याला सहविजेता व २०२२ मध्ये दोन्ही प्रकारांचा एकमेव विजेता म्हणून मान्यता मिळाली. १९१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने शाळेच्या कारभाराची चौकशी केली. तिला कारणीभूत ठरलेल्या विद्यार्थ्यांच्या अर्जामागे वेल्च होता. वॉर्नर १९१५ पासून पिट्सबर्गचा प्रशिक्षक झाला. १९१८ मध्ये शाळा बंद करण्यात आली व तिच्या इमारती पुन्हा लष्कराकडे गेल्या.